कागदावरचा नकार

उपकेंद्रातल्या मदतनीस बाईंचा फोन भातसानगरच्या आमच्या कार्यालयात आला, तेव्हा सकाळचे अकरा वाजत आले होते. “साहेब, नर्सबाय लस देता देता खुर्चीवरनं खाली आल्या. जीप शहापूरला गेलीय. तुमी इकडं नका येऊ, थेट तिकडंच जा.” मी पोचलो तेव्हा ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर दारातच उभे होते. “जीपमध्येच गेल्या,” ते म्हणाले. “मेंदूत रक्तस्राव झाला असावा. इथे आणेपर्यंत हृदय थांबलं होतं.” निर्मला माझ्या धाकट्या भावाची, सुधीरची बायको. वय अवघं एक्केचाळीस. हृदय थांबलं, म्हणजे मरणानंतर जे अवयव द्यायचे म्हणून तिने वर्षानुवर्षं ठरवून ठेवलं होतं ते आता देता येणार नव्हते. हे मला डॉक्टरांनी सांगावं लागलं नाही. ते तिनेच मला शिकवलं होतं.

डोळे मात्र देता येतात, सहा तासांच्या आत. मी खोलीतला पंखा बंद करायला सांगितला, तिच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवला. नातेवाईक जमू लागले होते. आमचे मामा म्हणाले, “आता हे कशाला रे? गेली ती, आता तरी तिला निवांत राहू दे.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. तिची मुलगी प्रज्ञा मुरबाडच्या कॉलेजातून येईपर्यंत थांबलो आणि ती आल्यावर तिला बाजूला घेऊन विचारलं. “घ्यायला सांगा, काका,” ती म्हणाली. मी विचारलं, हे इथे मुद्दाम लिहितो आहे. दुपारी नेत्रपेढीची माणसं येऊन गेली. त्याला आता सहा आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलं लिहावं अशी रीत आहे आणि निर्मलाविषयी चांगलं लिहायला काहीच कष्ट नाहीत. पण ते लिहायचं तर आधी मला माझ्याविषयी वाईट लिहावं लागेल.

आमचं गाव शेणव्याजवळ. वडील लवकर गेले, त्यामुळे सुधीरचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं मी केलं, आणि केलं हे मी कुणाला विसरू दिलं नाही. पाटबंधारे खात्यात कारकून झालो, रविवारी विहारात त्रिसरण-पंचशील म्हणायचा मान माझा, त्यानंतर दहा मिनिटं बोलायचा मानही माझाच. दान म्हणजे काय, यावर मी किती वेळा बोललो असेन, त्याची मोजदाद नाही. सुधीर वाशिंदच्या एका कारखान्यात लागला आणि मुरबाडकडची निर्मला सून म्हणून घरात आली. ती परिचारिकेचा कोर्स केलेली, चांगली शिकलेली मुलगी. पण आमच्या घरातली रीत जुनी होती. थोरल्या दिरासमोर धाकट्याच्या बायकोने तोंड उघडायचं नाही. जे काही सांगायचं ते आईमार्फत. मी समोर बसलेलो असतानाही ती म्हणायची, “आई, भाऊजींना सांगा, पान वाढलंय.” आणि मीही आईलाच सांगायचो, “म्हणावं, आलोच.” आईला ऐकू कमी यायला लागलं तेव्हा फारच मजा व्हायची. आम्ही दोघं एकमेकांचं स्वच्छ ऐकायचो, आणि मधे बसलेली आई तेवढी विचारायची, “काय म्हनतंय ती?” सगळ्या तालुक्यातल्या बायांशी बोलणारी, बाळंतपणं करणारी, दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांना दाराबाहेर काढणारी निर्मला मला एक शब्द बोलायची नाही. मला त्यात आदर दिसायचा. त्यातून पुढे काय होईल, हे तेव्हा कळलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिसरी पाळी करून सुधीर सकाळी सायकलवरून स्टेशनकडे निघाला होता, हायवे ओलांडताना ट्रकने उडवलं. अंगावर फारशी जखम नव्हती, मार सगळा डोक्याला. आधी कल्याणला नेलं, तिथून मोठ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की सुधीरचा मेंदू मेला आहे. सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून खात्री केली आहे. आता श्वास चालतो आहे तो यंत्रामुळे आणि हृदय फार तर एक-दोन दिवस चालेल. मग रुग्णालयाच्या समाजसेविका बाईंनी मला एका छोट्या खोलीत बसवलं. फार सावकाश, फार चांगल्या शब्दांत त्यांनी विचारलं की सुधीरचं हृदय आणि मूत्रपिंडं देण्याची कुटुंबाची तयारी आहे का. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक माणूस हृदयासाठी थांबला आहे, एवढंच त्या म्हणाल्या. “पण निर्णय त्यांच्या पत्नीचा हवा. त्यांना बोलावता का?”

मी म्हणालो, “ती माझ्यासमोर बोलत नाही. आमच्यात तसं नसतं. मी आईमार्फत विचारून येतो.”

बाईंना ते पटलं. कुणालाही पटलं असतं... मी खोलीबाहेर आलो. जिन्याच्या वळणावर निर्मला आणि आई बसल्या होत्या. निर्मलाने भिंतीला डोकं टेकलं होतं, डोळे उघडे होते. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी थांबलो. एक पेला पाणी प्यालो. मग आणखी एक प्यालो. त्या दिवसांत मूत्रपिंडं विकण्याच्या बातम्या पेपरात येत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, गाव म्हणेल, थोरल्याने धाकट्याला विकला. शिवाय थोड्याच वेळापूर्वी मी सुधीरच्या छातीवर हात ठेवला होता. छाती वरखाली होत होती, अंग ऊन होतं. पण ही सगळी कारणं मी नंतर जुळवली. खरं कारण याहून वाईट आहे. निर्मला परिचारिका होती. तिला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, याची मला खात्री होती. म्हणून मी विचारलं नाही. परत खोलीत गेलो आणि म्हणालो, “ती नाही म्हणते.” बाईंनी मान हलवली, कागदावर ‘पत्नीचा नकार’ असं लिहिलं, आणि त्याखाली मी सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी सुधीरचं हृदय थांबलं.

चार-पाच महिन्यांनी निर्मला कसल्याशा दाखल्यासाठी त्या रुग्णालयात गेली होती. समाजसेविका बाईंनी तिला ओळखलं आणि धीर द्यावा म्हणून म्हणाल्या की तुमच्या नकाराचं वाईट वाटून घेऊ नका, त्या वेळी कुणाचंही मन तयार नसतं. संध्याकाळी ती तशीच, हातात पिशवी घेऊन, धरणाच्या वसाहतीत माझ्या घरी आली. आई खाटेवर बसली होती. मी सवयीने आईकडे पाहिलं.

“आईंकडं नका बघू, भाऊजी. मला विचारलं होतंत तुमी?”

लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी नाही म्हणालो.

“मग माझं नाव का घातलंत?”

ती रडली नाही, ओरडली नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, “स्कूटर आहे ना तुमची? रविवारी दुपारी मला शेणव्याला न्यायची. बायांची मीटिंग घ्यायचीय.” आई विचारत होती, “काय म्हनतंय ती?” आम्ही दोघांनीही तिला काही सांगितलं नाही.

अशी ती सुरुवात झाली आणि दहा वर्षं चालली. आपली नोकरी सांभाळून महिन्यातून दोन रविवार ती शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत जायची, आणि मी स्कूटरवरून न्यायचो. शाळेच्या ओसरीत, समाजमंदिरात, कधी कुणाच्या अंगणात. निघण्याआधी खाटकाकडून बोकडाचं हृदय घ्यायची. मुरबाडचा खाटीक विचारायचा, “बाई, दर टायमाला एकटा दिलच नेता, मटण कधी न्याल?” ती पिशवी स्कूटरच्या हुकाला लटकायची आणि गावात शिरताच कुत्री मागे लागायची. मग सगळ्यांना जवळ बोलावून ती ते हृदय मधोमध कापून दाखवायची. हे चार कप्पे, ही झडप, रक्त इथून येतं, इथून जातं. बाया आधी नाक मुरडायच्या आणि मग वाकून वाकून बघायच्या, कारण बोकड कापताना सगळ्यांनी पाहिलेला, पण त्याचं हृदय आतून कुणी पाहिलेलं नसायचं.

हे सगळं तिला आपोआप येत नव्हतं. इंग्रजी तिचं बेताचं होतं. शब्दकोश शेजारी ठेवून, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भंडावून, ठाण्याला वाचनालयात जाऊन तिने माणसाच्या हृदयरोपणाचा सगळा इतिहास गोळा केला आणि तो ती पंचक्रोशीतली गोष्ट असावी तसा सांगायची. आधी कितीतरी वर्षं डॉक्टरांनी कुत्र्यांवर हात बसवला. मग एकोणीसशे सदुसष्ट साली दक्षिण आफ्रिकेत एका माणसाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं. अपघातात गेलेल्या एका तरुण मुलीचं ते हृदय, आणि तिच्या बापाने हो म्हटलं होतं. तो माणूस अठरा दिवस जगला. “अठराच?” कुणीतरी निराश होऊन विचारायचं. “अठराच,” ती म्हणायची. मग जगभर डॉक्टरांनी धडाधड ही शस्त्रक्रिया केली आणि माणसं धडाधड मेली, कारण अंगात परकं काही शिरलं की शरीर त्याच्याशी भांडतं. बहुतेकांनी हात आखडला. थोडे जण हट्टाने करत राहिले. पुढे मातीतल्या एका बुरशीतून औषध सापडलं, त्याने शरीराचं भांडण आवरलं, आणि माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. हे सांगताना ती खाली वाकून चिमूटभर माती उचलायची. आपल्याकडे मेंदू मेला म्हणजे माणूस गेला असं मानणारा कायदा चौऱ्याण्णव साली झाला आणि त्याच वर्षी दिल्लीत हृदयरोपण यशस्वी झालं. तिच्या गोष्टीत शेवटी नेहमी ते हट्टाने करत राहिलेले डॉक्टर यायचे. “अठरा दिवसांवर थांबले असते तर?” एवढंच ती विचारायची.

प्रश्नांना तोटा नसायचा. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, “नर्सबाय, दारुड्याचा दिल बसवला तर त्या मानसाला पन दारूची तल्लफ येल का?” ती म्हणाली, “तल्लफ दिलाला नाय येत काका, डोक्याला येते. तुमचा दिल बिनघोर देता येईल.” त्या दिवशी हसून हसून सभाच मोडली. पण एक प्रश्न ती कधी हसण्यावारी न्यायची नाही. छाती हलते म्हणजे माणूस जिवंत नाही का? मग ती सावकाश सांगायची. हृदयाला स्वतःची वीज असते, मेंदूने हुकूम न देताही ते काही काळ चालतं. श्वासाचं तसं नाही. तो मेंदूवाचून चालत नाही, म्हणून तिथे यंत्र लावतात. आपल्याला दिसतं ती यंत्राने हललेली छाती. मी शेवटच्या रांगेत, चपलांपाशी बसून ऐकायचो. ती माझ्याकडे बघायची नाही. बघायची गरज नव्हती.

शेणव्यात मात्र तिची परीक्षा व्हायची. तिथे सखूबाय म्हणून एक फटकळ बाई, आमच्या दूरच्या नात्यातली. सुधीरच्या वेळी विचारलं होतं आणि बायकोने नकार दिला, हे तिच्या माघारी माझ्याच तोंडून गावभर झालं होतं. पहिल्याच सभेत सखूबाय उभी राहिली. “काय गो, सोताच्या दादल्याचा नाय दिलास, न् आमचा मागाया आलीस व्हय?” बाया हसल्या. निर्मला म्हणाली, “नाय दिला, आत्या. चुकी झाली आमच्याकडून.” पुढच्या खेपेला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही. आणि दर वेळी ती ‘आमच्याकडून’ असंच म्हणायची. एकदा परतताना मी स्कूटर बाजूला घेतली आणि म्हणालो की तू सांगून का टाकत नाहीस. ती म्हणाली, “ते तुमी सांगायचं. मी सांगितलं तर ती चुगली होईल.” मी पुढच्या वेळी सांगेन म्हणालो. ती हूं म्हणाली. पुढची वेळ आली आणि गेली... अशा किती वेळा आल्या आणि गेल्या. मी सभेत उठायचो तो फक्त चहाचे कप गोळा करायला.

एकदा मी तिला विचारलं होतं की इतकं फिरून इथून एक तरी हृदय गेलं का? नव्हतंच गेलं. ती म्हणाली, “कुणाच्या घरी तशी वेळ यावी म्हणून मी फिरत नाय, भाऊजी. आली तर घरातल्या माणसाला विचारावं, म्हणून फिरते.” हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला सोसला असता.

सगळ्यात जड गेलं ते प्रज्ञाचं. बाप गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. जरा मोठी झाल्यावर शेणव्यातलं बोलणं तिच्या कानावर गेलं आणि दहावीच्या वर्षी तिने आईला माझ्या देखत विचारलं, “तू बाबांचं हृदय का नाही दिलंस? सगळ्यांना सांगत फिरतेस ना?” मी तिथे होतो. हातात पेपर होता. निर्मला माझ्याकडे न बघता म्हणाली, “तेव्हा मी गप्प बसले होते, बाळा.” हे अक्षरशः खरं होतं. प्रज्ञा त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी तुटक वागत होती, आणि मी ते बघत होतो.

निर्मलाच्या जलदान विधीच्या दिवशी लोक जेवून गेल्यावर मी प्रज्ञाला सगळं सांगितलं. जिन्याचं वळण, पाण्याची टाकी, दोन पेले, ते तीन शब्द. सांगून झाल्यावर मला वाटलं ती काहीतरी तोडून बोलेल, आणि खरं सांगायचं तर बोलावं अशी माझी इच्छा होती. ती म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? तिला जिथे बोलत होते तिथे सांगा.”

पुढच्या रविवारी शेणव्याच्या शाळेत तिची आधीच ठरलेली सभा होती, तिथे मी गेलो. प्रज्ञाही आली, आणि मागे बसली. मी उभा राहिलो आणि विहारात एका रविवारी जेवढं बोलायचो त्याहून कमी शब्दांत सांगितलं की नकार निर्मलाचा नव्हता, माझा होता, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता, तो बंद झाला. मग सखूबाय बसल्या जागेवरून म्हणाली, “म्हंजे आमी येवढी वरसं त्या बाईला बोललो.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, “तुला बोलाचा होता रे. तू तं तितंच बसलेला.” मी हो म्हणालो. “आता ती गेली. आता कुनाला सांगू, चुकला म्हनून?” सखूबायने पदराने तोंड पुसलं आणि पुढे सरकून बसली. “सांग पुढचा. ती सांगायची तसा सांग.” मला तसं सांगता येत नाही. प्रज्ञा उठली आणि तिने फळ्यावर चार कप्पे काढले. उजवा-डावा करताना चुकली, पुसलं, पुन्हा काढलं.

परत येताना मला एक गोष्ट सुचली, ती फार पूर्वीच सुचायला हवी होती. तो कागद त्या रुग्णालयात अजून असेल. मी रजा टाकून गेलो. त्या समाजसेविका बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. कार्यालयातला माणूस म्हणाला, एवढे जुने कागद ठेवतही नाहीत आणि असले तरी आता त्यांत बदल होत नाही. मी म्हणालो, बदल करू नका, माझा अर्ज घ्या आणि पोच द्या. दुसऱ्या मजल्यावर थांबलेल्या त्या माणसाचं काय झालं, हेही मी त्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्याने ते सांगायला नको होतं. हे विचारायला मला एवढी वर्षं लागली. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला.

ती प्रत घेऊन मी निर्मलाच्या घरी गेलो. तिच्या खोलीत अजून तिचंच सगळं आहे. खुंटीला पांढरी साडी, खिडकीत शब्दकोश, टेबलावर गावांच्या नावांचा कागद. दर महिन्याचे दोन रविवार त्यावर तिच्या अक्षरात वर्षअखेरपर्यंत लिहून ठेवलेले. प्रज्ञा त्याच टेबलाशी बसली होती. तिने उठून माझा अर्ज उभ्याने वाचला. ‘मयताच्या पत्नीस विचारण्यात आले नव्हते. नकार माझा होता.’ तिने पुन्हा एकदा वाचला आणि माझ्यापुढे ठेवला.

“पत्नी काय? तिचं नाव लिहा.”

मी तिथेच बसून नवा अर्ज लिहिला. ‘श्रीमती निर्मला यांस विचारण्यात आले नव्हते.’ प्रज्ञाने तो वाचून त्याची घडी केली आणि म्हणाली, उद्या रुग्णालयात तीही येते आहे. उद्या सोमवार आहे. आम्ही दोघं पहिल्या गाडीने निघतो आहोत.